वैशालीची बाटली, माझी बरणी

वैशाली,

आज जेवताना पुन्हा तुझंच कौतुक झालं. होळीनंतर तू गेलीस, अक्षय्य तृतीयेची आखाजीही होऊन गेली, ऊन असं तापलंय की गल्लीतल्या लूमवाल्यांनी दुपारची दारं ओढून घेतली आहेत, आणि आपल्या घरात ताटाच्या डाव्या बाजूला काही वाढलं की अजून तुझंच नाव निघतं. सासूबाईंनी बोट चाटलं आणि म्हणाल्या, "वैशालीच्या हातालेच चव होती." मी तव्यापाशी उभी होते. शेवटची पोळी करपली, ती मी माझ्या ताटात घेतली.

माणूस गेलं की त्याच्याबद्दलचा हेवा संपतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना धाकटी जाऊ नसावी.

मला तुझा हेवा वाटायचा. हे तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं, म्हणून त्यावर आपण कधी बोललो नाही. अजूनही वाटतो. तू गेलीस त्या दिवशी दारावर आलेल्या बायका रडता रडता तुझ्या लोणच्याच्या बाटल्या आठवत होत्या. कोणाला गाजराची मिळालेली, कोणाला मिरची-लिंबाची, कोणाच्या सुनेला डोहाळे लागले तेव्हा तू कच्च्या केळ्याची नेऊन दिलेली. मी भिंतीला टेकून रडत होते, अगदी खरं रडत होते, आणि त्याच वेळी मनात म्हणत होते, माझी बरणी यांच्यापैकी एकीलाही कशी आठवत नाही? दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

लोधीपुऱ्यातलं आपलं घर तसं लहानच. खाली तू आणि दिनेशभाऊ, वर मी, आमचे हे आणि सासूबाई. वर माझी बरणी, खाली तुझा फ्रिज. फ्रिज वरही आहे, पण "जा गं, फ्रिजमधून लोणचं घेऊन ये" असं कोणी म्हटलं की पाय जिना उतरायला लागायचे. कोणाच्या फ्रिजमधून, हे सांगावं लागायचं नाही.

तू लग्न होऊन आलीस त्या उन्हाळ्यात मी तुला कैरीच्या लोणच्याची बरणी दाखवली होती. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पाटावर, तोंडाला पांढरा दादरा बांधलेली. सासूबाईंनी ती माझ्या हवाली केली होती, आणि मी काही ती कोणाच्या हवाली करणार नव्हते, पण नव्या सुनेला रीत सांगणं माझं काम होतं. ओला हात लावायचा नाही. ओला चमचा घालायचा नाही. दिवेलागणीला उघडायची नाही. उघडताना बोलायचं नाही. अडचणीच्या दिवसांत तर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. तू दोन्ही हात पाठीमागे बांधून ऐकत होतीस, मी शाळेत शिकवते त्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलींसारखी. सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मंग ताई, खायचं कधी?"

मला हसू आलं नाही. सासूबाईंना आलं. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर त्या तशा हसल्या नव्हत्या. तिथूनच सुरुवात झाली म्हण.

तुझी पहिली बाटली मी जिन्यातून पाहिली. हिवाळा होता. तू इतवाऱ्यातून भाजी घेऊन आलीस, पिशवीतून गाजरं काढलीस, मिरच्या काढल्यास, आणि ओट्यावर उभ्या उभ्याच चिरायला लागलीस. गाजराच्या लांब काड्या, मिरच्या मधोमध चिरलेल्या, थोडा मुळा. मीठ चोळलंस, सुटलेलं पाणी ओतून दिलंस, जुन्या धोतराच्या तुकड्यावर पसरलंस, आणि पंखा लावलास. ऊन नाही, गच्ची नाही, पंखा! मग मोहरीची डाळ, थोडी मेथी, हळद, हिंग, वर लिंबं पिळलीस. तेल गरम करून गार करायला ठेवलंस ते पाण्याच्या परातीत, म्हणजे लवकर गार व्हावं. सगळं एका कॉफीच्या रिकाम्या बाटलीत कोंबलंस, झाकण लावून बाटली दोनदा उलटीपालटी केलीस, आणि फ्रिजच्या दारात ठेवून दिलीस, दुधाच्या पिशवीशेजारी.

मी खाली येऊन म्हटलं, "वैशाली, याला लोणचं नाही म्हणत. लोणचं मुरावं लागतं."

"मुरंल की ताई. तुम्ही कायले टेन्शन घेता?"

"कधी मुरेल?"

"रात्रीच्या जेवणापर्यंत."

आणि रात्रीच्या जेवणाला ते संपलंसुद्धा. आमच्या ह्यांनी, ज्यांच्या तोंडून मी लग्नापासून "बरं झालंय" यापुढे शब्द ऐकलेला नाही, त्यांनी विचारलं, "अजून आहे का गं ते?" मी म्हटलं, "बरणीतलं देऊ?" तर म्हणाले, "नको, ते कुरकुरीत पाहिजे." कुरकुरीत! माझी फोड सहा महिने उन्हातान्हाचा विचार करून, मीठ-तेल सांभाळून, मऊ करायची, आणि यांना कुरकुरीत पाहिजे. त्या रात्री मी बरणीचा दादरा सोडून पुन्हा घट्ट बांधला. काही कारण नव्हतं.

तुला कशालाच वेळ लागायचा नाही. स्वेटर तू आठवड्यात विणायचीस, भांडण तू संध्याकाळपर्यंत मिटवायचीस, अनोळखी बाईची तू रिक्षात बसल्या बसल्या मैत्रीण व्हायचीस. मी माणसं मुरवत बसायची. माझ्या पल्लवीचंच बघ. नऊ महिने मी वाढवलं, शाळेत मी घातलं, तापात मी जागले, आणि दात पडल्याचं, पास झाल्याचं, नंतर इंदूरला त्या मुलाशी जमल्याचं तिनं आधी तुला सांगितलं. खाली, फ्रिजच्या दाराला टेकून, बाटलीतून गाजराच्या काड्या काढून खात खात. मी जिन्यात पाऊल वाजवलं की दोघी गप्प व्हायच्या. आई म्हणून मला काय वाटायचं, हे तू आता तरी समजून घे.

केळ्याच्या लोणच्यावर सगळी गल्ली हसली होती, मीही हसले होते. तुझं माहेर तापीकाठचं, केळीच्या बागांतलं, तुझ्या भावानं घड पाठवला की त्याचं काय करू नि काय नको असं तुला व्हायचं. हिरवी केळी जरा वाफवून, चकत्या करून, हिरवी मिरची आणि लिंबाच्या रसात घातलीस. मी म्हटलं, काळं पडेल. पडलं नाही. मी म्हटलं, बुळबुळीत होईल. झालं नाही. त्यानंतर सिंधीपुऱ्यात माझ्या माहेरी, माझ्या सख्ख्या भावाच्या घरी गेले, तर वहिनी दारातच म्हणाल्या, "नणंदबाई, रिकाम्या हातानं आल्या? तुमच्या जावेनं बाटली नाही दिली?" माझ्या माहेरी! त्या वर्षी मी त्यांच्याकडे बरणीतलं लोणचं न्यायचं बंद केलं. कोणी विचारलंही नाही.

आणि तुझी ती सवय. बाटली संपत आली, की तू ती सगळ्यांच्या हातातून काढून घ्यायचीस. "तळ माझा," म्हणायचीस. पल्लवी चमचा खुपसायला लागली तरी, तुझा चेतन रुसला तरी, दिनेशभाऊंनी ताट पुढे केलं तरी. गल्लीभर बाटल्या वाटणारी तू, तळाचा खार मात्र कोणाला चाटू द्यायची नाहीस. स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायचीस आणि एकटीच खायचीस. मी मनात म्हणायचे, चला, एक तरी खोड आहे हिच्यात. हावरट आहे. ते पाहून मला बरं वाटायचं.

आता माझी तक्रार सांगते. ती तुला ठाऊक आहे, पण तिचं उत्तर न देता तू गेलीस.

या घराची रीत अशी, की बरणी मोठ्या जावेची असली तरी लोणचं सगळ्या घराचं. म्हणून मी तुला वाटी द्यायची. नवं लोणचं मुरलं की पहिली वाटी तुझी, आणि मग लागेल तशी. माझ्या नावाची ती स्टीलची वाटी, सासूबाईंनी भांड्यांवर नावं घालून घेतली होती तेव्हाची. तू दोन्ही हातांनी घ्यायचीस, "वा ताई" म्हणायचीस, जिना उतरायचीस. आणि पुढे त्या लोणच्याचं काय व्हायचं, देवाला ठाऊक. तुझ्या ताटात ते मी कधी पाहिलं नाही. जेवायच्या वेळी मुद्दाम काही निमित्त काढून खाली यायचे, कधी विरजण मागायला, कधी पेपर न्यायला, आणि पाहायचे. दिनेशभाऊंच्या ताटात गाजर. चेतनच्या ताटात मिरची. आंब्याची फोड कोणाच्याच ताटात नाही. एकदा दिनेशभाऊच म्हणाले, "वहिनी, तेलाचं लोणचं आता सोसत नाही आम्हाला." मग वाटी रिकामी होऊन, घासूनपुसून परत कशी यायची?

टाकून देत असशील, असं मला वाटायचं. किंवा भांडीवालीला देत असशील. वाईट वाटू नये म्हणून घ्यायची, आणि जिना उतरली की द्यायची कोणाला तरी. इतकी गोड होतीस तू, की असंही करू शकली असतीस.

शेवटी गेल्या संक्रांतीच्या सुमाराला मी विचारलंच. तू फ्रिज उघडून उभी होतीस, माझ्याकडे पाठ करून.

"वैशाली, एक सांग. मी देते ते लोणचं कुठे जातं?"

तू वळली नाहीस. हसलीस फक्त, मला पाठीवरून कळलं.

"जाते ना ताई. बराबर जागेवर जाते."

"म्हणजे कुठे? टाकत असशील तर सांग. मी देत नाही उद्यापासून."

"असं नका ना बोलू."

"मग ताटात का नसतं तुमच्या?"

"सांगीन कधी तरी."

मी ताडताड जिना चढून वर आले. नंतर तुझ्याशी बोललेच नाही. तूच एका सकाळी बाटली घेऊन वर आलीस, माझ्या ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, "मीठ कमी टाकलं, तुम्हाले पाहिजे तसं." आणि मीसुद्धा वेडी, वाटी भरून दिली. पण विचारलं नाही. तू सांगशील कधी तरी म्हणाली होतीस. मला वाटलं, आहे वेळ. मुरू दे.

मिठाचंही सांगायला हवं. त्या भांडणाच्या बरंच आधी मला तो लांबलेला टायफॉइड झाला होता, तोंडाची चव गेली होती, पेज बघूनही मळमळायचं. तू दुपारी वर यायचीस, उशाशी बसायचीस, आणि वरणभातावर चमचाभर गाजराचं लोणचं ठेवून चमचा पुढे करायचीस. मी डोळे मिटून खायचे, म्हणजे तुझ्याकडे बघायला नको. पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली ती त्याची. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय." काही तरी म्हणायलाच हवं होतं. तू म्हणालीस, "बरं, पुढच्या टाइमाले कमी टाकते." आणि खरंच कमी टाकायला लागलीस. फक्त माझ्यासाठी नाही, सगळ्याच बाटल्यांत. सासूबाई कुरकुरल्या, पल्लवी म्हणाली, "काकी, पहलेवाला बढ़िया था," पण तू मीठ वाढवलं नाहीस. त्या दिवसांत मी इतकी सुखात होते, वैशाली. सगळ्या घराला अळणी खायला लागत होतं आणि ते माझ्यामुळे.

मग यंदाची होळी झाली, आणि त्यानंतरच्या एका सकाळी तू गेलीस. तेही घाईतच. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

सुतकात फोडणी नव्हती, लोणचं नव्हतं. तेरावं झाल्यावर दिनेशभाऊंनी एकदा तुझा फ्रिज उघडला आणि तसाच लावला. आत गाजराची एक बाटली होती, अर्ध्याहून कमी. ती ते कोणाला घेऊ देईनात. स्वतःही अगदी एखादी काडी घ्यायचे, ती पोळीच्या घडीत ठेवायचे. मी वरून वरण-भाजी पाठवायचे, सोबत बरणीतली फोड कधी पाठवली नाही. सोसत नाही म्हणाले होते ना.

आखाजी जवळ आली. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या, पहिला आंबा आधी त्यांना, मग आपल्याला. तुझ्यासाठी घागर आणायला मी स्वतः कुंभाराकडे गेले आणि टिचकी मारून मारून निवडली, तो कंटाळला. तुझं पान मी वाढायचं ठरलं, मोठी म्हणून. आंब्याचा रस, पुरणपोळी, कुरडई, भजी, सगळं ठरलं. आणि डाव्या बाजूला लोणचं कोणतं, यावर घर अडलं.

गुप्ता भाभी एक बाटली घेऊनच आल्या. "दीदी, ये रख लीजिए थाली में. वैशाली ने हमको सब सिखा के रखा था." ऐकलंस? तिला तू शिकवलंस. समोरच्या घरातल्या बाईला. मी इतकी वर्षं डोक्यावर राहिले, मला कधी म्हणाली नाहीस, या ताई, दाखवते. मी आले नसते, ती गोष्ट वेगळी. सासूबाईंनी चव घेतली, जिभेवर घोळवलं, आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय. पण वैशालीचं नाही. काही तरी राहिलंय यात." खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटल्या. भाभी बिचारी म्हणत होती, "सब वही तो डाला है." मी तिला चहा दिला, साखर जास्त घालून.

पल्लवी आखाजीला माहेरी आली, ती आधी खाली गेली. फ्रिजपुढे उभी राहून रडली, मग वर आली. "मम्मी, ती जी बाटली आहे ना काकीची, तीच ठेव पानावर."

मी म्हटलं, "पानावर बरणीतलं असतं. या घरात पितरांच्या पानावर आजवर बरणीतलंच गेलंय."

"मम्मी, आज तो जिद मत कर यार."

"सुमन," सासूबाई म्हणाल्या, "तिले जे आवडे ते ठेव."

तिले जे आवडे ते. हाच तर माझा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. माझं लोणचं तुला आवडत होतं का? कधी एक घास तरी खाल्लास का? की ते गटारात जात होतं आणि मी दर वर्षी जेठ महिन्याच्या उन्हात घामाघूम होऊन अडकित्त्यानं कैऱ्या फोडत होते? इतवाऱ्यात आयत्या फोडून मिळतात, तरी मी घरीच फोडते. लांबट, कोय धरून. तशी फोड या गल्लीत दुसऱ्या कोणाची नसते.

दिनेशभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं." तेव्हा मग मीच उठले आणि खाली गेले. रागात होते. तुझ्या फ्रिजचं दार मी इतक्या जोरात उघडलं की दारातली अंडी हलली.

बाटलीत थोड्याच काड्या उरल्या होत्या. लांब चमच्यानं वाटीत काढायला लागले. गाजर आलं, एक मिरची आली, आणि मग चमचा तळाशी कशाला तरी अडला. मला वाटलं लिंबाची साल असेल. बाटली तिरकी केली, खार एका बाजूला गेला, आणि तळाशी दिसली ती फोड. काळपट. लांबट. कोय धरून.

गाजराच्या लोणच्यात आंब्याची फोड. माघातल्या बाटलीत गेल्या जेठातली कैरी.

दार उघडंच राहिलं होतं. फ्रिज टीं टीं करायला लागला. मग मी वाकून आत पाहिलं. खालच्या कप्प्यात, मागे, दह्याच्या भांड्याआड, माझ्या नावाची वाटी होती, झाकण ठेवलेली. आत फोडी होत्या, मी फाल्गुनात दिलेल्या, थंडीनं तेल गोठून त्यांच्याभोवती बसलेलं. लोणचं फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, हे मी तुला हजार वेळा सांगितलं होतं.

विरजण लावतात तशी तू माझी फोड लावत होतीस. प्रत्येक बाटलीच्या तळाशी एक, सगळ्यांत आधी ठेवलेली; जिन्यातून मला तळ दिसायचा नाही, आणि वाटायच्या बाटलीतून ती तू देण्याआधी काढून घेत असशील. म्हणून तुझं लोणचं संध्याकाळपर्यंत मुरायचं. म्हणून भाभीचं सगळं घालूनही काही तरी राहायचं. तिला तू सगळं शिकवलंस, हे नाही शिकवलंस. सगळे जी चव तुझी म्हणून चाटत होते, तिच्या खाली मी होते, आणि बाटली संपली की तळ तुझा. पाठ करून, एकटीनं, कोणाला न देता. मी जिन्यातून तुला हावरट म्हणायचे तेव्हा तू माझंच लोणचं खात होतीस.

तुला काय वाटतं, माझा राग गेला? अगं, आणखी भडकला! सांगायचं नाही? एकदा सगळ्यांसमोर म्हणायचं नाही, की ही चव ताईंची आहे? माझ्या जिवावर तू गल्लीभर नाव केलंस, आणि मी वर दादरे बांधत बसले. असं मी तिथे उभ्या उभ्या तुला बोलले, मोठ्यानं, तुझ्या फ्रिजला. बोलता बोलता रडायला लागले. सांगितलं असतंस, तर मी लगेच वाटी बंद केली असती. हे तुला माहीत होतं. मला माझ्यापेक्षा तू जास्त ओळखत होतीस, याचाही मला हेवा वाटतो.

वर आले. तुझं पान वाढलं. डाव्या बाजूला गाजर ठेवलं आणि गाजराखाली ती फोड. पल्लवीला वाटलं, मम्मीनं ऐकलं. सासूबाईंनी मान हलवली. निखाऱ्यावर घासाची आगारी टाकली, तूप सोडलं, धूर सरळ वर गेला. तुझा तळ मी तुला दिला, वैशाली. कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलं असतं, तर त्या दिवशी घरात माझं नाव झालं असतं, पहिल्यांदाच. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की ते सगळ्यांचं झालं असतं, भाभीचंसुद्धा. तुझ्या-माझ्यात असं एवढंच आहे, जे पल्लवीलाही ठाऊक नाही. ते मी कोणाला देणार नाही.

पल्लवी इंदूरला परत जायच्या आधी मी एक बाटली घातली. तुझ्या भावानं केळ्याचा घड आणून दिला होता. चकत्या वाफवल्या, मिरच्या चिरल्या, लिंबं पिळली, तेल पाण्याच्या परातीत गार केलं. मीठ कमी घातलं. तळाशी एक फोड ठेवली, बरणीतली नाही, त्या वाटीतली. आणि बाटली तुझ्या फ्रिजच्या दारात ठेवून दिली, दुधाच्या पिशवीशेजारी. दिनेशभाऊंनी पाहिलं. जेवताना सासूबाईंनी बोट चाटलं आणि त्यांचा हात थांबला.

"हे वैशालीचं राहिलं होतं का?"

मी म्हटलं, "हो. तिचंच."

पुन्हा तुझंच नाव झालं. मी केलं, मी चिरलं, कैरी माझी, हात माझा, आणि कौतुक तुझं. तू असतीस तर पाठ करून हसली असतीस.

आज ती बाटली संपत आली. पोळ्या झाल्या, मी मघाची ती करपलेली पोळी घेऊन जेवायला बसले, तोवर आमच्या ह्यांनी बाटली ओढून लांब चमचा आत घातलाच होता. मी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

"थोडंच तर आहे तळाशी," ते म्हणाले.

मी उठले, ओट्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "तळ माझा."